बैलाच्या मानेतून माणसाची घुसमट कशी रेखाटावी

‘दुःख’ एवढ्या मोघम शब्दावर चित्र उभं राहत नाही. आधी एक वाक्य लिहा: ‘भाव नाही म्हणून कापूस घरातच पडून आहे आणि बाप जेवताना कोणाकडे बघत नाही.’ मग ही घुसमट कोणत्या जनावराच्या कोणत्या ठेवणीत सापडते ते शोधा. दावणीला बांधलेला, पुढ्यात कडबा असूनही तोंड फिरवलेला बैल इथे चपखल बसतो. घोडा नाही चालणार. अस्वस्थ घोडा जागेवर थयथयतो, त्यातून अधीरपणा दिसतो.

जळगावहून साधारण 60 किलोमीटरवर अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात मातृपोषक जातकाचं (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा) चित्र आहे, ते जरूर पाहा. आंधळ्या आईपासून तोडलेला हत्ती राजाकडे अन्नाला सोंड लावत नाही. जनावर काय करत नाही, यातूनही भावना सांगता येते.

पाहणीसाठी बैलबाजार किंवा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेली दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा उत्तम. तोंडाकडे नंतर बघा. आधी मान, वशिंड, पाठीची रेषा आणि भार कोणत्या पायावर आहे ते टिपा. घोड्याचे कान मागे चिकटले की राग, पुढे टवकारले की लक्ष, बाजूला सैल पडले की थकवा किंवा गुंगी. बैल बिथरला की त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो. मोबाइलने फोटो घेणार असाल तर पाच-सहा मीटर लांबून, झूम करून घ्या. अगदी जवळून घेतला की मुस्कट फुगतं, मागचा भाग आक्रसतो आणि अंगाचा भार हरवतो.

आता 2×3 इंचांच्या आठ-दहा चौकटींत नुसते काळे भरीव आकार काढा, डोळे अजिबात नकोत. बाह्याकारातून घुसमट जाणवली नाही, तर पुढे कितीही शेडिंग केलं तरी ती येणार नाही. या टप्प्याला घाई करू नका, खरं काम इथेच होतं.

निवडलेला आकार हाफ इम्पिरियल (15×22 इंच) कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेचा जाड कागद) मऊ चारकोलने (कोळशाच्या कांडीने) मांडा. पाठीच्या वर कागदात मोकळी जागा कमी ठेवा. शिंगाचं टोक कागदाच्या कडेला नुसतं टेकलं तर चूक वाटते. एक तर स्पष्ट कापा, नाही तर इंचभर आत घ्या. चारकोल पेन्सिलचा गडद काळा सर्वांत शेवटी, कारण तो नीट पुसला जात नाही.

बहुतेक चित्रं बिघडतात ती डोळ्यापाशी. भुवया चढवल्या, अश्रू ओघळवला की बैल संपतो आणि मुखवटा घातलेला माणूस उरतो. बैलाची बाहुली आडवी असते, गोल काढली की खेळणं दिसतं. डोळा मानेच्याच सावलीत बुडवा आणि चमक नीडेड रबराने (मळून हवा तसा आकार देता येणारं मऊ खोडरबर) एकदाच उचला. मग फिक्सेटिव्हचे (चारकोल कागदावर पक्का बसवणारा फवारा) दोन हलके हात एक फुटावरून द्या. जवळून दाट मारलं तर मधल्या छटा काळवंडतात.