नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी हे बघा, गेम नक्की कशामुळे अडकतोय

मागच्या मे महिन्यात अकोल्याला मामाकडे गेलो होतो, मामेभावाचा पीसी म्हणजे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी (फुल एचडी) ला आरामात चालायला पाहिजे असा, पण गेम पंधरा मिनिटं नीट चालायचा आणि मग असा काही अडकायचा की विचारू नका. तो नवीन कार्डासाठी पैसे जमवायला लागला होता. म्हटलं थांब, आधी बघू तर दे.

सगळ्यात आधी एमएसआय आफ्टरबर्नर हे पीसीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं, आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनरही टाका, गेम चालू असताना आकडे स्क्रीनवर तेच दाखवतं. सेटिंगमध्ये मॉनिटरिंगला जाऊन जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) युसेज, जीपीयू टेम्परेचर, सीपीयू (प्रोसेसर) टेम्परेचर, रॅम आणि फ्रेमरेट (एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम) एवढं स्क्रीनवर दिसेल असं टिक करा, मग गेम अर्धा तास खेळा. पाच मिनिटांत काही कळत नाही, पीसी तापायला वेळ लागतो.

आता आकडे वाचायचे. जीपीयू युसेज ९५ च्या वर असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय, मग गेमच्या सेटिंगमध्ये शॅडो, रे ट्रेसिंग कमी करा नाहीतर डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करून दाखवणारी सेटिंग) लावा. पण युसेज ५०-६० वरच आणि एफपीएस पण कमी, तर कार्ड रिकामं बसलंय, त्याला काम पुरवणारा सीपीयू मागे पडतोय. (आधी व्ही-सिंक, म्हणजे एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग, किंवा एफपीएस लिमिट चालू नाही ना ते बघून घ्या, त्याच्यामुळे पण युसेज कमी दिसतं.) टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसला म्हणून निवांत होऊ नका, ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवा, बऱ्याच गेममध्ये एक-दोन कोरच फुल असतात आणि बाकीचे मोकळे, एकूण टक्क्यात ते कळतच नाही.

आणि युसेज अगदी शून्याजवळ असेल तर पीसीच्या मागे जाऊन केबल बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली असते, खाली कार्डाला लावायची असते, हे मी स्वतः दोन घरांत बघितलंय. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडलंय का तेही बघा, बऱ्याचदा ६० वरच राहिलेलं असतं.

भावाच्या पीसीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली रॅम. ८-८ च्या दोन स्टिक, ३२०० च्या, पण टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २४०० दिसत होता, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग, चालूच केली नव्हती. वर स्टिकही शेजारी-शेजारी लावलेल्या, म्हणजे सिंगल चॅनल, दोन्ही स्टिक एकाच रस्त्यावर. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक साधारणपणे सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात, एकदा मॅन्युअल बघून घ्या. ह्याला एक रुपया लागत नाही आणि सीपीयूमुळे अडकणाऱ्या गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी म्हणजे धूळ. बाहेर ४४ डिग्री, खोलीत कूलर, आणि कॅबिनेट भिंतीला टेकवलेलं. सीपीयूचा पंखा काढला तर खाली पत्र्यांवर धुळीची अक्षरशः गादी, नखाने उचलली तर सबंध तुकडाच हातात आला. असं असल्यावर चिप तापते आणि जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करते, म्हणूनच पहिली पंधरा मिनिटं नीट आणि मग बोंब. साफ करताना पीसी बंद, प्लग काढलेला, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. सीपीयूचा कूलर काढला की चिपवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून मटारएवढी नवीन लावा. साइड पॅनल उघडल्यावर टेम्परेचर लगेच सात-आठ डिग्री उतरत असेल तर समजा कॅबिनेटमध्ये हवाच येत नाहीये, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

सॉफ्टवेअरमध्ये फार खोल जायची गरज नाही. पॉवर प्लॅन पॉवर सेव्हरवर नको, ब्राउझरचे वीस टॅब बंद करा, आणि ड्रायव्हर अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर साफ काढणारं सॉफ्टवेअर) आत्ताचा ड्रायव्हर पूर्ण काढून नीट चालणारं आधीचं व्हर्जन टाका. एफपीएस वाढवणारी म्हणून जी फुकटची सॉफ्टवेअरं फिरतात ती कृपा करून टाकू नका.

एफपीएस चांगला पण नवीन भागात गेलं की झटका बसतो, असं असेल तर गेम हार्डडिस्कवर आहे का बघा, असेल तर एसएसडीवर हलवा. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली दिसत असेल तर फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा.

एवढं सगळं करूनही युसेज ९९, टेम्परेचर ठीक, आणि एफपीएस पुरत नसेल तर मग खरंच कार्ड छोटं पडतंय, घ्या नवीन, पण घ्यायच्या आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे आणि त्याला कार्डाला वीज देणारी पिन आहे का ते बघूनच दुकानात जा. भावाने तरी ते पैसे एसएसडीत घातले.