पावसाळ्यानंतरची गॅलरीतील बाग
ठाण्यात परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. म्हणून टोमॅटो, वांगी व मिरचीची रोपे सायंकाळी लावावीत आणि पहिले चार-पाच दिवस त्यांना दुपारची सावली द्यावी. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतील माती दबून घट्ट होते व तिच्यातील अन्नद्रव्ये वाहून जातात, त्यामुळे ती उकरून, दोन दिवस उन्हात वाळवून, तिच्यात एक तृतीयांश गांडूळखत मिसळावे आणि तळाचे छिद्र बुजले असल्यास मोकळे करावे. मेथी सर्वांत सोपी. पसरट कुंडीत पेरल्यास साधारण २५ ते ३० दिवसांत भाजी हाती येते. कोथिंबिरीसाठी धणे मात्र हलक्या हाताने रगडून दुभंगावेत, अन्यथा उगवण रेंगाळते. पाणी सकाळीच, वरची माती सुकलेली पाहून घालावे. ते खालच्या मजल्यावर ठिबकू नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवावी.