दहा वर्षं वापरायची फॅमिली गाडी घेताय? पेट्रोल-सीएनजी-डिझेलच्या या चुका टाळा

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "सीएनजी घेऊ का पेट्रोल?" आणि मी उलट विचारलं की महिन्याला गाडी किती किलोमीटर फिरते, तर तिघांनाही सांगता आलं नाही. खरी चूक इथेच होते. शेजाऱ्याने काय घेतली, यूट्यूबवर कोण काय म्हणतो ते सगळं पाठ असतं, पण स्वतःचं रनिंग माहीत नसतं.

तर आधी कागद घ्या. आत्ता जी बाईक किंवा जुनी गाडी आहे तिचे मागच्या दोन सर्व्हिसिंगचे किलोमीटर बिलावर असतात, त्यावरून महिन्याचा अंदाज येतो. मग समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी सिटीत १६ चा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. तीच गाडी सीएनजीवर किलोला २४ देते आणि गॅस ९० रुपये किलो, म्हणजे पावणेचार रुपये. वाचले पावणेतीन. आता सीएनजी मॉडेल ९५ हजारांनी महाग असेल तर हे जास्तीचे पैसे वसूल व्हायला जवळपास ३५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला १५०० फिरणाऱ्याचे दोन वर्षांच्या आत वसूल, पण ५०० फिरणाऱ्याला पावणेसहा वर्षं लागणार, आणि तेवढी वर्षं गॅसच्या सिलेंडरमुळे डिकी अर्धी. रेट तुमच्या पंपावरचे टाका, किंमत तुमच्या शोरूमची टाका, पण हे गणित बुकिंगच्या आधी करा. ब्रोशरमधला ॲव्हरेज धरू नका, सिटीत तेवढा मिळत नाही.

डिकीचं मी मुद्दाम सांगतोय. आम्ही गणपतीला चिंचवडहून चिपळूणकडे जातो, पाच माणसं. सिलेंडरवाल्या गाडीत एक मोठी बॅग आडवी टाकली की संपलं, बाकीच्या पिशव्या पायाशी आणि मांडीवर, आणि येताना गावाहून नारळ, तांदूळ असं काहीतरी असतंच. कुंभार्ली घाटात भरलेली गाडी आणि एसी चालू असला की सीएनजीवर दम लागतो, मी तरी घाट चालू झाला की पेट्रोलवर टाकायचो. सणाच्या दिवसांत हायवेच्या पंपावर गॅससाठी जी लाईन लागते तिचाही विचार करा. टाटाने २०२३ पासून एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलेंडर डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, नंतर ह्युंदाईनेही तसं दिलं, त्यात डिकी बरीच वाचते. कुटुंबाला सीएनजीच हवी असेल तर आधी ह्या गाड्या बघा असं मी म्हणेन.

सीएनजी घेतल्यावरच्या चुका वेगळ्याच. पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हला ठेवून फक्त गॅसवर पळवणारे खूप आहेत, त्यात टाकीतला फ्युएल पंप आणि इंजेक्टर खराब होतात, पाव टाकी तरी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा. सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते, तारीख प्लेटवर असते, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. बाहेरून किट बसवलं तर आरसी आणि इन्शुरन्स दोन्हीवर नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

आता डिझेल. रनिंग कमी असताना डिझेल घेतलं तर ती चूक सगळ्यात महाग पडते. माझ्या मेहुण्याने २०२१ मध्ये डिझेल एसयूव्ही घेतली, ऑफिस घरापासून ४ किलोमीटर. का, तर डिझेल स्वस्त आणि पिकअप भारी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवायला डीपीएफ फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करतो पण त्यासाठी गाडी चांगली गरम होऊन एका स्पीडने पंधरा-वीस मिनिटं पळायला लागते. याची रोज सिग्नल टू सिग्नल. मीटरवर पिवळा दिवा लागायचा, हा म्हणायचा सर्व्हिसिंगला दाखवू. एक दिवस गाडी ४० च्या वर जाईचना. फिल्टर पूर्ण चोक, बिल लाखाच्या घरात. तो दिवा लागला की त्याच दिवशी हायवेला नेऊन एक सारखी पळवली असती तर बहुतेक वाचलं असतं. शिवाय महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे १० लाखांच्या गाडीवर २० हजार तिथेच गेले. पुणे-नागपूर, पुणे-लातूर अशा फेऱ्या दर आठवड्याला असतील तर डिझेल जरूर घ्या, त्याला आजही तोड नाही. आणि दिल्लीतला १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा नियम ऐकून इथे घाबरू नका, आपल्याकडे १५ वर्षांनी पासिंग करून आरसी ५ वर्षांनी वाढवता येते.

ईव्हीबद्दल, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीबद्दल, एवढंच, स्वतःच्या पार्किंगला चार्जर बसवायची सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, मग शोरूमला जा.

सेकंडहँड घेत असाल आणि गाडी २०२३ च्या आधीची असेल तर मॅन्युअलमध्ये ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालतं का ते बघा, कारण पंपावर आता तेच मिळतं.

अजून एक चूक बहुतेक सगळे करतात. टेस्ट ड्राईव्हला एकटे जातात, शोरूमवाला शेजारी, रिकामी गाडी, दोन किलोमीटर सपाट रस्ता. त्यात काय कळणार? आईवडिलांना, पोरांना घेऊन जा, पाचही जण बसा, एसी लावा आणि जवळच्या चढावर न्या. मी गेलो तेव्हा आईला आवडीच्या गाडीतून उतरताना दरवाज्याला धरून उठावं लागलं, सीट खाली होती आणि तिचे गुडघे दुखतात. आम्ही तिथेच ती गाडी सोडली आणि दोन इंच उंच सीटवाली, दिसायला साधी अशी पेट्रोल गाडी घेतली.