नदी नकाशावर वाचायची की पाण्यात उतरून? भूगोलातल्या संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

पीएचडीचं पहिलं वर्ष मी जवळजवळ पूर्णपणे संगणकासमोर काढलं. विमानातून लेझरने टिपलेल्या उंचीच्या आकड्यांचा डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, हाताशी होता, दर एक मीटरला एक उंची. सॉफ्टवेअरला दिला की ओढे, पाणलोटाच्या सीमा, उतार, सगळं काही मिनिटांत समोर. एकदा गाईडनी नकाशावरच्या एका ओढ्यावर बोट ठेवलं. ‘‘हा इथे एकदम काटकोनात का वळलाय?’’ मला सांगता येईना. आम्ही जागेवर गेलो. तिथे रस्त्याचा उंच भराव होता आणि त्याखालून मोरी. पाणी मोरीतून सरळ वाहत होतं.

डीईएमला मोरी दिसत नाही, त्याच्या लेखी तो भराव म्हणजे बांधच. सॉफ्टवेअरने बांधामागचा भाग खळगा समजून भरून टाकला आणि पाणी भरावाच्या कडेकडेने भलत्याच ओढ्यात सोडलं. एका मोरीपायी पाणलोटाचं क्षेत्रफळ चुकलं, आणि त्यावर बेतलेला पुराचा अंदाजही. डेटा जितका बारीक तितकी अशी चूक जास्त. जाड डेटाच्या खोडी वेगळ्या. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून अकरा दिवसांत रडारने केलेली एसआरटीएम मोजणी आजही सर्रास वापरतात, पण दाट जंगलात ती जमिनीची नव्हे, बरीचशी झाडांच्या शेंड्यांचीच उंची देते.

या क्षेत्रात येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला विषय असतो प्रवाहांची श्रेणी. रॉबर्ट हॉर्टन यांनी 1945 मध्ये ती पद्धत मांडली, आर्थर स्ट्रालर यांनी 1952 मध्ये ती सोपी केली: ज्याला दुसरा प्रवाह येऊन मिळत नाही तो ओहोळ पहिल्या श्रेणीचा, पहिल्या श्रेणीचे दोन ओहोळ मिळाले की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसरी. शिकायला उत्तम. पण निव्वळ श्रेणी मोजून, द्विभाजन गुणोत्तर (एका श्रेणीचे प्रवाह पुढच्या श्रेणीच्या किती पट) काढून प्रबंध उभा करू नका, असं मी कळकळीने सांगेन. हे गुणोत्तर बहुतेक खोऱ्यांत तीन ते पाचच्या दरम्यानच येतं. 1993 मध्ये जेम्स किर्चनर यांनी दाखवलं की प्रवाहांचं जवळपास कुठलंही जाळं हॉर्टनचे नियम, म्हणजे श्रेणीगणिक प्रवाहांची संख्या साधारण ठरावीक पटीत घटणं वगैरे, पाळतं. जो आकडा सगळीकडे सारखाच येतो, तो तुमच्या खोऱ्याबद्दल फारसं काय सांगणार? आधी प्रश्न हवा: हा काठ का ढासळतो? गाळ येतो कुठून? त्या प्रश्नाला श्रेणी लागली तर जरूर मोजा.

आता विसर्गाबद्दल, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहतं त्याबद्दल, कारण इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात. दप्तरात ‘विसर्ग’ म्हणून रोजचा आकडा मिळतो, तो रोज कोणी मोजलेला नसतो. रोज पाहिली जाते ती फक्त पाण्याची पातळी. अधूनमधून कोणीतरी करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन पात्राचे उभे पट्टे पाडतं, प्रत्येक पट्ट्यात पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 अंतरावर वेग घेतं, खोल पाण्यात 0.2 आणि 0.8 वर घेऊन सरासरी काढतं. वेग गुणिले क्षेत्रफळ म्हणजे विसर्ग. अशा मोजणींवरून पातळी आणि विसर्गाचा आलेख, म्हणजे रेटिंग कर्व्ह, बनतो आणि रोजची पातळी त्यातून विसर्गात बदलते. मोठ्या पुरात पाण्यात उतरणं धोक्याचं, त्यामुळे आलेखाचा वरचा भाग बहुधा रेघ पुढे ओढून काढलेला असतो. म्हणून आकडे घेताना विचारा: प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा विसर्ग किती? पात्र खरवडलं गेलं किंवा गाळाने भरलं, तर जुना कर्व्ह चालत नाही, तेही विचारा.

माझ्यासारखे कला शाखेतून आलेले गणिताला बिचकतात. संख्याशास्त्र, थोडं द्रवयांत्रिकी आणि एक प्रोग्रॅमिंग भाषा एवढं जमलं की पुढे वाट मोकळी होते. मला दोन वर्षं लागली. शोधनिबंध रिव्ह्यूमधून फिरून छापून यायला वर्ष सहज जातं, तात्पुरत्या नेमणुकांचा काळही लांबतो. त्यामुळे शिकवायची संधी सोडू नका: वर्गात समजावताना स्वतःचे कच्चे दुवे लगेच कळतात.

एक लहान खोरं निवडा आणि अनेक पावसाळे त्याच्यापाशी राहा. पहिल्या भेटीत पक्क्या खडकावर रंगाची खूण करा. दर खेपेला त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते, तारीख, वेळ आणि त्याच जागेवरून काढलेला फोटो वहीत नोंदवा, पेन्सिलीने, कारण शाई पावसात फुटते.