तेलखडू, जलरंग आणि खडे मीठ: मुलांनी रंगवायचा समुद्र

लहान मुलांसाठी समुद्राचं काही करायचं म्हटलं की कागदी थाळीचा खेकडा ठरलेला. कापायचं मोठ्यांनी, चिकटवायचं मोठ्यांनी, मुलं नुसती बघत बसणार. त्यापेक्षा हे चित्र करून घ्या. चार वर्षांच्या पुढचं मूल ते जवळजवळ एकट्याने करतं.

कागद जाड घ्या, २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जास्त. साध्या वहीचं पान पाण्याने फुगतं. कागदाच्या चारही कडा चिकटपट्टीने फळीवर बसवा.

आधी तेलखडूने मासे. चित्रातला मासा दाखवू नका, बाजारातून आणलेला बांगडा ताटलीत ठेवा. पाठ हिरवट निळी, तिच्यावर अंगाच्या लांबीने जाणाऱ्या काळसर रेघा, पोट चंदेरी. हे जवळून पाहिलेलं मूल स्वतःचा मासा काढतं, पाठ केलेला नाही. खडू दाबून चालवायला सांगा, कारण तेलकट थर जाड असेल तिथेच पाणी ठरत नाही. बुडबुडे पांढऱ्या खडूने. निळा रंग फिरवला की ते आपोआप उमटतात आणि मुलं ओरडतात.

मग चपट्या ब्रशने निळा-हिरवा जलरंग, भरपूर पाणी घालून. पोस्टर कलर नको, तो खडूला झाकून टाकतो.

आता मीठ. माझंही घोडं कित्येक दिवस इथेच अडलं होतं. ‘रंग दिला की लगेच मीठ टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. मिठाचा खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, त्याबरोबर रंग सरकतो आणि फिकट चांदणी उमटते. कागदावर पाण्याचं तळं असेल तर खडा विरघळून जातो. कागद सुकला असेल तर खडा नुसता पडून राहतो. मधली वेळ थोडीच असते, आणि ती घड्याळात बघून कळत नाही. खिडकीच्या उजेडात डोळे कागदाच्या पातळीवर आणून तिरकं बघा. आरशासारखी चकाकी असेल तर थांबा. ती मावळून नुसती ओलसर झाक उरली की टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ झटकन निघून जाते, कोकणात पावसाळ्यात बराच वेळ वाट बघावी लागते. म्हणून एका वेळी अर्धाच कागद रंगवा, आणि पंखा बंदच ठेवा, नाहीतर कडा आधी सुकतात.

मीठ खडेच घ्या. बारीक मिठाने नुसती रवाळ खर उठते. मुलाच्या हातात वाटी देऊ नका, मूठभर ओतलं जातं. तळहातावर चिमूटभर द्या आणि वरून एकेक खडा सोडायला लावा. बोटाला कुठे खरचटलं असेल तर मीठ तुम्हीच टाका. नंतर कागदाला हात नाही, फुंकर नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. गरम हवेने कागद आधी सुकतो आणि मिठाचं काम अर्धवट राहतं.

पूर्ण सुकल्यावर मीठ तळहाताने झटका, एकही खडा राहू देऊ नका. पावसाळ्यात उरलेल्या मिठाला पाणी सुटतं आणि फाइलमधल्या शेजारच्या चित्रावर डाग पडतो.