अमेरिकेत हंगामी परदेशी मजूर आणायचे तर आधी कॅलेंडर उघडा

समजा, वॉशिंग्टन राज्यात बाग आहे आणि सफरचंदाची तोडणी १ सप्टेंबरला धरायची आहे. मग मजुरांची तयारी जूनच्या आधीच लागते. शेतीच्या हंगामी कामासाठी तिथे एच-२ए व्हिसा आहे, १९८६च्या कायद्यातून आलेला. वर्षाला किती मजूर आणावेत याला मर्यादा नाही, पण तारखा कडक.

आधी काम हंगामी आहे का ते बघा. तोडणी, छाटणी, लावणी चालते. गोठ्यात बारमाही दूध काढायला माणूस हवा असेल, तर हा रस्ता सहसा बंदच.

मग घर. राहायला फुकट द्यावं लागतं, शिवाय जेवण किंवा चालू स्वयंपाकघर. घराची तपासणी होते, म्हणून कागदाला हात लावण्याआधी पलंग मोजा, नळ उघडून बघा.

आता तारखा. १८ जून ते ३ जुलैदरम्यान, म्हणजे काम सुरू व्हायच्या ७५ ते ६० दिवस आधी, केंद्रीय मजूर खात्याकडे जॉब ऑर्डर, म्हणजे कामाच्या अटींसह मजुरांची मागणी, द्यायची; तिथून ती राज्याच्या रोजगार खात्याकडे जाते. १८ जुलैपर्यंत केंद्रीय मजूर खात्याकडेच दाखल्यासाठी अर्ज. स्थानिक माणसं शोधल्याचं दाखवावं लागतं. कराराचा अर्धा काळ सरेपर्यंत कामाला लायक अमेरिकन माणूस आला, तर त्याला घ्यावंच लागतं. मजूर खात्याच्या दाखल्यावर आय-१२९, म्हणजे मजूर आणण्यासाठी मालकाने इमिग्रेशन खात्याकडे केलेला अर्ज, मंजूर होतो, मग मजुराची वकिलातीत मुलाखत.

आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देऊन माणसं बांधतो. अमेरिकेच्या या भरतीत दलाल उलट मजुराकडूनच पैसे उकळू बघतो. नियमाने मजुराकडून भरतीचा एक डॉलरही घेता येत नाही, आणि ही मनाई दलालाच्या करारात लेखी हवी. तरीही मजूर आला की त्याला एकट्याला गाठून विचारा, "किती दिलेस?" त्याचा पासपोर्ट त्याच्याकडेच राहू द्या.

अर्धा करार पुरा झाला की येण्याचं भाडं भरून द्यायचं. शेवटपर्यंत राहिला तर परतीचंही. खरी मेख तीन-चतुर्थांश हमीत आहे. करारात ४०० तास लिहिलेत आणि माल कमी लागला म्हणून २५० तासच काम निघालं, तरी ३०० तासांची मजुरी द्यावीच लागते. म्हणून तास हात राखून लिहा. पगाराच्या चिठ्ठीवरही दोन आकडे लागतात: देऊ केलेले तास आणि प्रत्यक्ष केलेले तास. मजूर स्वतःहून घरी बसला, तर तेही त्याच दिवशी टिपून ठेवा.