गोव्यात येताना गावच्या ट्रंकेतली सीडी आणा

वेर्ण्याला नाहीतर फोंड्याला नोकरी लागलेली आपली पोरं येतात तेव्हा सामानात कुकर असतो, चटणीची बरणी असते, आईने दिलेला तवा असतो. तपासण्यांची फाइल गावीच. माझीही तशीच राहिली होती.

इथे तिसऱ्या वर्षी मुतखडा उठला. सीटी स्कॅन काढला. खडा ५ मि.मी.चा, तो पाणी पिऊन पिऊन आपोआप पडला. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर २२ मि.मी.ची गाठ. अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी, हेही मला तेव्हाच कळलं. सेंटरवाल्याने फक्त फिल्म दिली, स्कॅनची चित्रं भरलेली सीडी मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं. मग कॉन्ट्रास्टची, म्हणजे शिरेत औषध सोडून काढतात ती दुसरी सीटी, मुंबईत परळला आठ दिवस खोली, बिनपगारी रजा. चाळीस हजार गेले, झोप गेली ती वेगळी.

आणि मग भावाने गावी, आजऱ्याला ट्रंक उघडली. चार वर्षांपूर्वी याच खड्यापायी कोल्हापुरात सीटी झाली होती. तीच गाठ, २१ मि.मी. तेव्हाच्याही रिपोर्टात ती ओळ होती, आम्ही खड्याच्या पुढे वाचलंच नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही सीडी शेजारी शेजारी लावल्या नि विचारलं, "हे आधी का नाही दाखवलंत?" काय सांगणार?

तेव्हा जुन्या सीडी आणा. नुसता रिपोर्ट नको, सीडी. गाठ वाढते आहे की वर्षानुवर्षं तशीच आहे, हे जुन्या स्कॅनशी ताडल्यावरच कळतं.

अ‍ॅड्रिनलवरच्या अशा गाठी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये पुष्कळदा सापडतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. बिनकॉन्ट्रास्टच्या सीटीत गाठीची घनता मोजलेली असते, ती विचारा. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० हाउन्सफील्ड (हे घनतेचं माप) किंवा त्याखाली असेल, तर ती चरबीने भरलेली, साधी. तरी हार्मोनच्या तपासण्या चुकवू नका. रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मि.ग्रॅ. गोळी, सकाळी कॉर्टिसोल या हार्मोनसाठी रक्त. रक्तदाब असेल तर अल्डोस्टेरोन या हार्मोनचीही तपासणी. घनता जास्त असेल तर मेटानेफ्रिनची तपासणी हवीच, आणि ती होण्याआधी कोणी सुई घालून तुकडा काढू म्हणालं तर थांबवा. गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारे हार्मोन सोडणारी, असेल तर सुईने रक्तदाब भडकून जिवावर बेतू शकतं. हे सगळं अ‍ॅड्रिनलचं. यकृत, फुप्फुस, थायरॉइड यांचे नियम वेगळे, माझी गोष्ट तिथे लावू नका.

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं तर पहाटेची कदंबा बस पकडा. कोकणी येत नसली तरी अडत नाही, मराठी सगळ्यांना कळते. २०१८ पासून बिगरगोमंतकीयांना शुल्क पडतं. त्यावरून आपले लोक कुरकुरतात. मला त्यात गैर वाटत नाही, सिंधुदुर्गापासून बेळगावपर्यंतची गर्दी तेच हॉस्पिटल सोसतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड ५ वर्षांच्या रहिवासाशिवाय मिळत नाही. तोवर कंपनीचा विमा नीट वाचून ठेवा.

आणि इथल्या आपल्या लोकांच्या मंडळात बोलू नका. गाठ म्हणायचा अवकाश, प्रत्येकाचा एक मामा त्याच गाठीने गेलेला असतो. एकाने मला काढा पाठवला, दुसऱ्याने भगताचा पत्ता. फोंड्याची घरमालकीण मात्र काही न विचारता पेज नि तोरांचं लोणचं दारात ठेवून गेली.

सीडी हाती आली की त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवा. इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. फिल्म एकीवर एक ठेवल्या तर आषाढात चिकटतात, मध्ये कोरा कागद घाला.